उकिरड्यावर बर्फाचं मशीन

जगात असं एकही मशीन नाही जे मी खोलून परत जोडू शकत नाही, असं ललित छाती ठोकून सांगायचा. यात खोटं काहीच नव्हतं. खोलायचा तो नक्की. जोडायचाही. फक्त जोडून झाल्यावर वाटीत दोन-चार नट उरायचे. "कंपनीवाले जास्तीचे टाकतात," असं तो आईला समजावून सांगायचा, आणि भिकुबाई ते नट लोणच्याच्या रिकाम्या बरणीत जमा करायची. बरणी निम्म्याच्या वर भरली होती.

कॉलेज त्याने दुसऱ्या वर्षाला सोडलं. पुढचं सगळं शिक्षण मोबाईलवर. पंप, मिक्सर, फवारणीचे ब्लोअर, सगळं व्हिडिओ बघून. त्याला एकच गोष्ट हवी होती : रस्त्याला लागून आबांची जी पडीक जागा आहे, तिथे पत्र्याचं शेड टाकून दुरुस्तीचं दुकान. आणि आबांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, मगन आबांना, एकच गोष्ट हवी होती : पोरगा सुरतेला जावा. तिथे चुलतभाऊ प्रेमराज लूमच्या कारखान्यात होता आणि त्याने ललितसाठी एक जागा धरून ठेवली होती. आमच्या धरणगावाकडच्या निम्म्या घरांतला एक तरी माणूस सुरतेला आहे, त्यामुळे आबांच्या म्हणण्यात नवल काही नव्हतं.

अशात धुळ्याहून मशीन आलं.

धुळ्याचे फारुखभाई भंगाराचे व्यापारी. परदेशातून आलेल्या भंगाराच्या ढिगात त्यांना हे सापडलं होतं आणि ललितने ते भंगाराच्या भावात उचललं होतं. छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं यंत्र. पुढे हौदासारखं उघडं तोंड, तोंडात आडवा लोखंडी स्क्रू, उसाच्या रसाच्या चरकाला लाजवेल असा जाड. त्याच्या मागे पंखा, आणि वर वाकडं धुरांडं. बाजूला चिकटवलेल्या चित्रात एक कानटोपीवाला गोरा माणूस ट्रॅक्टरवर बसून रस्त्यावरचं बर्फ उडवत होता.

आबांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. मग आकाशाकडे पाहिलं. पारा चव्वेचाळीसला होता.

"आठे बरफ कोठे शे रे?" त्यांनी विचारलं.

"आबा, मशीनला काय कळतं बर्फ का शेणखत? तोंडात गेलं की धुरांड्यातून फेकायचं, एवढंच त्याचं काम."

"आनि खाईल काय ते?"

"आपला उकिरडा."

उकिरडा गल्लीच्या टोकाला होता. नावाला आबांचा, पण टाकायला अख्ख्या गल्लीचा. अकरा घरांचं शेण, राख, काडीकचरा. सात-आठ वर्षांत कोणी तो तळापर्यंत उपसला नव्हता, कारण उपसायला मजूर मिळत नव्हते. त्याला लागून काटेरी कुंपण आणि कुंपणाच्या पलीकडे आबांचंच वावर. म्हणजे खत कुंपणावरून उडवलं की झालं. ललितचं गणित अगदी सरळ होतं.

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. ते महत्त्वाचं बोलायच्या आधी एवढं करतात.

"आखाजी रविवारे शे. त्याना पहिले बठ्ठा उकिरडा वावरमा जावाले पाहिजे. गया, त रस्तावरनी जागा तुनी. नही गया, त सोमवारे सुरतनी गाडी."

"मंजूर," ललित म्हणाला. दिवस गुरुवार होता, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया तीन दिवसांवर.

गुरुवारचा आख्खा दिवस त्याने मशीनवर घालवला, आणि खरं सांगायचं तर काम चांगलं केलं. गिअरबॉक्समधलं जुनं तेल काढलं, ते काकवीसारखं झालं होतं. नवीन भरलं. स्क्रू डिझेलने धुतला, साखळीला ग्रीस दिलं, पंख्याची गंजलेली पाती घासली, खालच्या घसरपट्ट्या झिजल्या होत्या त्या उलट्या करून लावल्या. धुरांडं फिरवायची मूठ ढिली होती ती तारेने आवळून टाकली, तोंड वावराकडे. ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणारा पीटीओचा दांडा चार बोटं लांब होता, तो कापला. संध्याकाळी जोडणी झाली तेव्हा वाटीत एकही नट उरला नव्हता. भिकुबाईने वाटी उलटी करून पाहिली.

"आज बरं नही का तुले?" ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी सात वाजता गल्ली जमली. उखर्डू नाना सगळ्यात पुढे. त्यांची वरची भावंडं जगत नव्हती म्हणून हे जन्मल्यावर आईने यांना याच उकिरड्यावर लोळवलं आणि नाव उखर्डू ठेवलं. आज ऐंशीला टेकले आहेत, म्हणजे उपाय लागू पडला. उकिरड्यावर आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं ते मानतात.

"देखी-भाली चालाड," त्यांनी ललितला बजावलं. "मनी माय शे ती."

हे मशीन घरच्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागे असल्याने ट्रॅक्टर उलटा चालवायचा असतो. ललित मान पिरगाळून मागे बघत बसला आणि रिव्हर्स टाकून हळूहळू उकिरड्यात शिरला. स्क्रू फिरला. पंखा घोंघावला. धुरांड्यातून खताची एक काळी कमान उठली आणि कुंपणावरून वावरात पडली. गल्लीने "आ" केला.

तेवढ्यात खट्. स्क्रू थांबला.

स्क्रूला मधल्या दांड्याशी धरून ठेवणारा एक बोल्ट असतो, करंगळीएवढा. तो तुटला होता. खतात एक दगड होता, बस. मशीनसोबत पुडीत सहा बोल्ट आले होते. ललितने दुसरा लावला. तो बैलाच्या नालेवर तुटला. तिसरा विटेवर. चौथा कशावर तुटला ते कळलंच नाही. पाचव्याला तर उकिरड्याला नुसतं टेकल्यावर तुटायची घाई होती.

"हाऊ बोल्ट शे का मनी दाढ?" उखर्डू नानांनी विचारलं.

सहावा तुटला तेव्हा साडेसात वाजले होते. उकिरडा होता तेवढाच होता. फक्त एका कोपऱ्यात कुत्र्याने उकरल्यासारखा खड्डा दिसत होता. आबा वळले. घरी गेले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून अंगणात उन्हाला ठेवली. सुरतेला न्यायची पेटी.

ललितने फारुखभाईंना फोन लावला.

"बोल्ट तुटतोय, भाई. सहाच्या सहा गेले."

"तो तुटायलाच असतो, ललितभाऊ."

"तुटायलाच असतो तर लावायचा कशाला?"

"असं बघा, मी नरम लोखंडाचे डझनभर पाठवून देतो. रविवारी पोचतील. तोपर्यंत दुसरं काही टाकू नका, ऐका माझं."

रविवारी. ललितने अंगणातल्या पेटीकडे पाहिलं. पेटी तापायला लागली होती. त्याने फोन ठेवला आणि मोटरसायकलला लाथ मारली.

धरणगावात दुकानदाराने विचारलं, "कशाला पाहिजे बोल्ट?"

"कशाला ते सोडा. तुटणार नाही असा द्या."

दुकानदाराने फळीवरून एक काळा कुळकुळीत बोल्ट काढला. "हा क्रशरवाले नेतात. दगडाच्या खाणीत चालतो."

ललितने घरी येऊन त्याची परीक्षा घेतली. ऐरणीवर ठेवून घण मारला. घणाचा दांडा तुटला. बोल्टवर ओरखडासुद्धा नाही. ललित इतका खूश झाला की त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. जगातली सगळी मशीनं बनवणारे साहेब लोक हुशार असतील, पण बोल्ट कुठला टाकावा हे त्यांना कळत नाही, असं त्याचं ठाम मत झालं.

शनिवार उजाडला. आता हे ऐका नीट.

आखाजीच्या आधी आमच्याकडे बायका बिबडे घालतात. ज्वारीचा घाटा शिजवायचा, ओल्या कापडावर पातळ थापायचा, खाटेवर टाकून वाळवायचा. वर्षभराचे बिबडे होतात. त्यात आखाजीला लेकी माहेरी येतात, परत जाताना त्यांच्या पिशवीत बिबडे गेले नाहीत तर आईचं नाक कापलं जातं. त्यामुळे त्या सकाळी गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत खाटा मांडल्या होत्या, नऊ खाटा, प्रत्येकीवर पांढरेशुभ्र बिबडे. वैशाखातलं वारं खाट उलटवून टाकतं म्हणून बायकांनी एका खाटेचा पाय दुसऱ्या खाटेच्या पायाला बांधला होता.

बांधला होता ठिबकच्या नळीने.

तीन वर्षांपूर्वी आबांनी वावरात नवीन ठिबक टाकलं आणि जुन्या काळ्या नळ्यांचं भेंडोळं उकिरड्यावर फेकलं. त्यावर खत चढत गेलं. पण नळीचं टोक बाहेर होतं. आमच्याकडे ठिबकची जुनी नळी म्हणजे सोनं. कपडे वाळत घालायला नळी, बकरी बांधायला नळी, खाट आवळायला नळी. ज्याला लागेल त्याने टोक धरून हवी तेवढी ओढायची. कापायची मात्र नाही. कापलेली नळी वाया जाते, असं प्रत्येक जण मानतो. एकाने ओढली, बांधली, उरलेलं टोक सोडलं. दुसऱ्याने ते टोक पुढे ओढलं, आपल्या खाटेला बांधलं. तीन वर्षांत ती एकच नळी अख्ख्या गल्लीतून फिरली होती आणि प्रत्येक घराला वाटत होतं, ही आपली नळी.

साडेनऊला ललितने ट्रॅक्टर चालू केला. कानावर गमछा घट्ट बांधला, कारण धूळ. तोंड मागे, उकिरड्याकडे. पाठ गल्लीकडे.

आणि मशीन चाललं. असं चाललं की काय सांगू. काळा बोल्ट दगड खात होता, विटा खात होता. खताची कमान दहा-बारा हात उंच जाऊन वावरात पसरत होती. दहा मिनिटांत उकिरड्याचा एक कोपरा सपाट. कुंपणापाशी उभ्या आबांची मिशी एका बाजूने वर गेली. ललितने ते पाहिलं. चोवीस वर्षांत ती मिशी त्याच्यासाठी पहिल्यांदा वर गेली होती.

मग स्क्रूला भेंडोळं लागलं.

नरम बोल्ट असता तर तिथेच खट् झालं असतं. ललित उतरला असता, शिव्या दिल्या असत्या, नळी कापून काढली असती. पण हा क्रशरचा बोल्ट. स्क्रूने शेवयांसारखी नळी गुंडाळायला सुरुवात केली. आधी भेंडोळं संपलं. मग गल्लीतली नळी ताठ झाली.

सगळ्यात आधी भिकुबाईची कपड्यांची दोरी गेली, कपड्यांसकट. तिचं हिरवं लुगडं हौदात शिरलं आणि धुरांड्यातून चिंध्या होऊन वावरात उडालं. मग सुपडूची बकरी चालायला लागली. तिला जायचं नव्हतं. पाय रोवून ती जात होती. गळ्यातलं दावं सुटलं म्हणून वाचली. मग पहिली खाट हलली.

पहिल्या खाटेवर उखर्डू नाना बसले होते. कावळे हाकलायला हातात काठी, बाजूला बिबडे.

"लल्या," नाना म्हणाले, "खाट चाली ऱ्हायनी रे."

ललितला गमछ्यातून काही ऐकू येईना. पहिल्या खाटेने दुसरीला ओढलं, दुसरीने तिसरीला. नऊ खाटांची आगगाडी गल्लीतून निघाली. वळणावर बिबडे घसरत होते. मागे बायका धावत होत्या, हातात पळ्या, हातांना घाटा. सगळी गल्ली ओरडत होती. ललितने ओझरतं गल्लीकडे वळून पाहिलं. धुळीतून त्याला फक्त हात हलवणारी माणसं दिसली.

पाहा, म्हणजे शुक्रवारी हसणारे हेच लोक. ललितचा ऊर भरून आला. त्याने हात वर करून सगळ्यांची दाद घेतली आणि रेस वाढवली.

खाटा आता बैलगाडीच्या चालीने येऊ लागल्या.

आबा टोपी हातात घेऊन धावत सुटले. टोपी गरगर फिरवत. आबांना धावताना ललितने कधी पाहिलं नव्हतं, टोपी फिरवताना तर नाहीच. एवढा आनंद झाला बापाला, असं वाटून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणखी थोडी रेस दिली.

मग डाव्या बाजूने काहीतरी पुढे सरकताना दिसलं. आधी खाटेचा पाय. मग काठी. मग उखर्डू नाना, मांडी घालून, टोपी सरळ, ट्रॅक्टरच्या शेजारून शांतपणे मशीनच्या तोंडाकडे निघालेले.

ललितचा पाय क्लचवर जायच्या आत मशीननेच निकाल लावला. फाड् असा आवाज झाला. गिअरबॉक्सच्या पोटाला उभी चीर गेली, नवीन तेलाची पिचकारी उडाली, स्क्रू थांबला. खाट तोंडापासून तीन हातांवर थांबली. मागच्या आठ खाटा एकमेकींवर येऊन आदळल्या.

नानांनी मांडी मोडली.

"मी उतरू का आते?" त्यांनी विचारलं.

फारुखभाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बोल्ट कुठला टाकला?"

"क्रशरचा," ललित म्हणाला.

"ललितभाऊ, तो बोल्ट म्हणजे घरातला नरम माणूस. भांडण पेटलं की पहिला तो मोडतो, म्हणून घर टिकतं."

"आणि तो मोडलाच नाही तर?"

"तर तुमच्यासमोर आहे ना ते," फारुखभाई म्हणाले. "घर मोडलं."

बायकांनी ललितला काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. थोडक्यात, सोमवारची गाडी लांब आहे, आजच जा, असं सर्वांचं मत पडलं. भिकुबाई आईच, पण लुगडं तिचं होतं. आबा घरी गेले. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज ललितला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

अकरा वाजले होते. सूर्यास्ताला आठ तास. उकिरडा तीन चतुर्थांश शिल्लक.

ललितने गमछा कानावरून सोडला, डोक्याला बांधला. फावडं आणि घमेलं आणलं. आणि खत भरून कुंपणावरून फेकायला लागला.

"काय करी ऱ्हायना रे?" सावलीत बसलेल्या उखर्डू नानांनी विचारलं.

"उकिरडा वावरात टाकतोय."

"एकला?"

"शब्द दिलाय."

नानांनी उकिरड्याकडे पाहिलं, ललितकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. "दीड महिना लागी," ते म्हणाले. "टाक."

ललित टाकत राहिला. पंचवीस घमेली, पन्नास घमेली. हाताला फोड आले, फुटले. लोक येऊन बघत होते, हसून जात होते. एकच्या सुमाराला फावडं कशावर तरी ठण्णकन वाजलं. त्याने उकरून काढलं. पितळी तांब्या. पोचा पडलेला, पण तांब्याच.

पाणी घेऊन आलेल्या भिकुबाईने तो हातात घेतला. बुडाशी कोरलेलं नाव बोटाने पुसून वाचलं आणि खालीच बसली.

"हाऊ मना मायना तांब्या शे." चार वर्षांपूर्वी हा तांब्या हरवला होता. राखेबरोबर उकिरड्यावर गेला असणार. पण तेव्हा भिकुबाईने शेजारच्या दिपमाला वहिनीचं नाव घेतलं होतं आणि तेव्हापासून दोघी एका पंगतीला बसत नव्हत्या.

दिपमाला वहिनी कमरेवर हात ठेवून तिथेच उभी होती. "सापडना का?" ती म्हणाली. बस, एवढंच म्हणाली. मग घरी गेली आणि टोपली घेऊन आली. "मनी चांदीनी जोडवी बी याच उकिरडामा शे. माले आते खात्री शे."

ही बातमी गल्लीत पसरायला तीन मिनिटं लागली. अकरा घरांना सात-आठ वर्षांत जे जे हरवलं ते सगळं एकदम आठवलं. सुपडूला वखराची लोखंडी पास आठवली. कुणाला कुकरची शिट्टी, कुणाला नथीचा मोती, एकाला तर पुतण्याने नेलेली सायकलसुद्धा. फावडी आली, टोपल्या आल्या, सुना आल्या, सासवा आल्या. पीठ चाळावं तसं एकेक घमेलं चाळून, काही नाही म्हटल्यावर कुंपणापलीकडे भिरकावत होते. कोणी दुसऱ्याच्या आधी तळाला पोचू नये म्हणून सगळे धापा टाकत होते. एवढ्या वेगाने माणसं काम करताना मी कुठे पाहिली नाहीत. जोडवं एकच सापडलं. शिट्ट्या मात्र पाच निघाल्या आणि त्यावरून भांडण झालं.

साडेसहाला उकिरड्याची जमीन दिसली. स्वच्छ, काळी, सपाट. उखर्डू नाना काठी टेकत तिच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

ललित आबांपुढे उभा राहिला. अंगावर खताशिवाय काही दिसत नव्हतं, मधे दोन डोळे.

"आबा, बठ्ठा उकिरडा वावरमा गया."

"मशीनवरी नही गया."

"तुम्ही म्हटलं होतं आखाजीच्या आधी. कशाने, ते म्हटलं नव्हतं."

आबांनी टोपी काढली. डोकं खाजवलं. टोपी घातली. बोलणार तेवढ्यात भिकुबाई मधे पडली, तांब्या कडेवर घेऊन.

"सुरत-फिरत काही नही," ती म्हणाली. "सकाळे लेकी येतीन. नऊ खाटा मोडेल शेतस. त्या काय जमिनीवर झोपतीन? ज्यानी मोड्या त्यानीच ईनी देवो. तवपावत गावना बाहेर पाय टाकाना नही." मागे बायका उभ्या होत्या. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. अकरा जणी होत्या, सगळ्यांच्या हातात फावडी. पेटी परत माळ्यावर गेली.

रविवारी आखाजीच्या मुहूर्तावर रस्त्याकडेच्या जागेत ललितचं दुकान सुरू झालं. शेड नव्हतं, निंबाची सावली होती. चिरलेला गिअरबॉक्स एका बाजूला ठेवला होता. दुसऱ्या बाजूला खाटा. एकीची खाट विणून होते तोवर दुसरी येऊन उभी राहायची. दुपारी प्रेमराजचा सुरतेहून फोन आला. आबा दुकानातच बसले होते, त्यांनी उचलला.

"ललित येस का मंग? जागा धरी ठेवेल शे."

"नही. त्यानी आठेच दुकान टाकं," आबा म्हणाले. आवाज जरा मोठाच होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल असा. "मशीनसनं."

"वा. मोठा मेकॅनिक व्हई गया. सध्या काय काम चालू शे?"

आबांनी ललितकडे पाहिलं. पोरगा खाटेच्या चौकटीत पाय अडकवून विणीची दोरी ओढत होता, दात आवळून. आबांना आयुष्यात कधी खोटं बोलता आलं नाही.

"खाटा ईनस," ते म्हणाले.